अटकेचे मानपान

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 43व्या कलमात अटक कशी करावी हे सांगितले आहे. ज्याला धरायचे त्याच्या अंगाला पोलिसाने प्रत्यक्ष हात लावावा किंवा त्याला अडवून ठेवावे. तो बोलून किंवा वागून आपण होऊन स्वाधीन झाला, तर हात लावायची गरज नाही. जुन्या फौजदारी संहितेतही हेच होते. एवढ्या मोठ्या देशाचे काम या दोन-तीन ओळींवर चालते. हात किती जोराने लावावा, आधी नमस्कार करावा की नंतर, समोरचा जेवत असेल तर काय, आणि पाच वर्षांनी तोच आपला मुख्यमंत्री होणार असेल तर काय, याबद्दल कायदा गप्प आहे.

ही उणीव चेन्नईने कष्टाने भरून काढली आहे. चेन्नई म्हटले की आपल्याला इडली, मरीनाचा किनारा आणि शिवाजीराव गायकवाड ऊर्फ रजनीकांत यांच्यापुढे फारसे काही आठवत नाही. (हे गायकवाड 2020च्या ‘दरबार’मध्ये मुंबईचे पोलीस आयुक्त झाले होते. मराठी माणसाला मुंबईचे आयुक्तपद मिळाले की आपण पेढे वाटतो. तमिळ चित्रपटातून मिळाले म्हणून कुणी वाटले नाहीत, एवढेच.) पण अटक करणारा आणि करून घेणारा यांनी एकमेकांशी कसे वागावे, याचे जे शास्त्र त्या शहरात तयार झाले आहे, ते आपल्याकडच्या पुढाऱ्यांनी आणि फौजदारांनी एकदा सहल काढून बघण्यासारखे आहे.

आधी सुखाची अटक पाहू. चेन्नईत सभा-मोर्चांवर 1888 सालच्या शहर पोलीस कायद्याचे 41वे कलम आहे. त्याच्या आधारे आयुक्त 15 दिवसांचा मनाई हुकूम काढतात. तो संपत आला की नवा निघतो. परवानगीशिवाय चार माणसे जमली की गुन्हा, आणि परवानगी मागितली तर ती कुठल्या कोपऱ्यातली मिळते हे मागणाऱ्याला ठाऊक असते. तेव्हा पक्षाची मंडळी सकाळी दहाला वळ्ळुवर कोट्टमपाशी किंवा एग्मोरच्या राजरत्नम स्टेडियमशी जमतात. बसगाड्या आधीच येऊन उभ्या असतात. घोषणा होतात, कॅमेरे येतात, आणि मग एक निरीक्षक पुढे होऊन हात जोडल्यासारखे करतो. पुढारी रस्त्यावर बसकण मारतो. दोन शिपाई त्याला दोन्ही दंडांना धरून उठवतात. एकाच दंडाला धरले तर तो साधा कार्यकर्ता ठरतो, त्यामुळे पुढारीच दुसरा हात पुढे करतो. मग सगळी वरात बसमध्ये चढते आणि जाते कुठे? मंगल कार्यालयात. तिकडे त्याला कल्याण मंडपम म्हणतात.

यात काही विनोद केलेला नाही. अमुकशे कार्यकर्त्यांना अटक करून कल्याण मंडपात ठेवले आणि संध्याकाळी सोडून दिले, हे तमिळनाडूतल्या बातम्यांचे ठरलेले वाक्य आहे. पोलीस कोठडीत एवढी माणसे मावत नाहीत, तुरुंगात पाठवायची कुणाची इच्छा नसते, आणि मंडपात पंखे, पाण्याचे पिंप, संडास आणि पंगतीची सोय असते. आडी महिन्यात तमिळ लोक लग्ने करत नाहीत, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये मंडप ओस पडलेले असतात. लोकशाहीने मंडपवाल्यांचा तो महिना सांभाळून घेतला आहे. दुपारी भात येतो. यायला उशीर झाला तर आतल्या आत दुसरे आंदोलन करता येते. चारच्या सुमारास नावे लिहून घेतात, पाचला दार उघडते, सहाला पुढारी पक्षाच्या वाहिनीवर दिसतो आणि दडपशाहीचा निषेध करतो. त्याच्या शर्टाची इस्त्री अजून मोडलेली नसते.

या सोहळ्यात घामाघूम होतो तो शिपाई. पहाटे पाचपासून तो कोट्टमपाशी उभा असतो. पुढाऱ्याला पंगत असते, याला पुडीतला भात, तोही बसच्या सावलीत. ज्याला त्याने सकाळी उचलले, त्याचा पक्ष सत्तेवर आला की दोन वर्षांनी त्याच्याच दाराशी सॅल्यूट मारत उभे राहायचे असते, म्हणून उचलतानाही तो काखेत गुदगुल्या होणार नाहीत इतपत काळजी घेतो.

आपल्याकडे हे जमलेले नाही. 24 ऑगस्ट 2021 रोजी नारायण राणे यांना संगमेश्वर तालुक्यात गोळवलीला धरले, तेव्हा ते जेवत होते. हातातले ताट महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिले. रात्री महाडच्या न्यायालयाने जामीन दिला, पण ते जेवण राहिले ते राहिलेच. चेन्नईच्या कोणत्याही निरीक्षकाने सांगितले असते, की आधी अटक, मग ताट, हा क्रम आहे. उलटा केला की पुढची दहा वर्षे माणूस ताटाचीच आठवण काढतो. राणे तेव्हा केंद्रीय मंत्री होते. पदावरच्या केंद्रीय मंत्र्याला राज्याच्या पोलिसांनी असे धरल्याची त्याआधीची गोष्ट वीस वर्षांपूर्वीची, आणि ती चेन्नईचीच.

30 जून 2001. शुक्रवार उलटून शनिवार लागला होता, मध्यरात्र होऊन गेली होती. करुणानिधी 77 वर्षांचे, चार वेळा मुख्यमंत्री झालेले, दीड महिन्यापूर्वी जयललितांपुढे हरून सत्तेवरून उतरलेले. उड्डाणपुलांच्या कंत्राटांत घोटाळा झाल्याची तक्रार रात्री नोंदली गेली आणि काही तासांत पोलीस त्यांच्या घरात होते. झटापट झाली, आरडाओरडा झाला, मारून टाकताहेत अशी त्यांची आरोळी साऱ्या देशाने ऐकली. ज्या लेखकाने 1952च्या ‘पराशक्ती’सारख्या चित्रपटांतून तमिळ पडद्याला संवाद दिले, त्याचा सर्वांत जास्त वेळा दाखवला गेलेला संवाद हा असावा आणि तो दुसऱ्याच्या कॅमेऱ्यासमोर निघावा, हे नशीब. अर्थात कॅमेरा अगदीच परका नव्हता. सन टीव्ही भाच्याच्या घरचा. त्यावर म्हाताऱ्या माणसाला पोलीस ओढून नेताना दिसत होते. जयललितांचा जया टीव्ही लावला की मुरसोली मारन आणि टी. आर. बालू हे दोन केंद्रीय मंत्रीच पोलिसांच्या अंगावर जाताना दिसत होते. त्या आठवड्यात चेन्नईत सत्य दोन होते आणि रिमोटवरचे बटण दाबून हवे ते घेता येत होते. दोन्ही मंत्र्यांनाही अटक झाली. दिल्लीत वाजपेयींचे सरकार होते आणि करुणानिधींचा द्रमुक त्यात भागीदार, तेव्हा पुढे राज्यपाल फातिमा बीवी यांचे पद गेले. अटक केली पोलिसांनी, घर सोडावे लागले राज्यपालांना.

वार शनिवारच का, असे विचारणारा वाचक अजून भोळा आहे. शनिवार-रविवार न्यायालये बंद. जामिनाला सोमवार उजाडावा लागतो. याला सूड म्हणावे तर तसे कागदावर कुठे नसते. पण जयललितांना रंगीत टीव्ही खरेदीच्या प्रकरणात करुणानिधींच्या सरकारने धरले तो 7 डिसेंबर 1996चा दिवसही शनिवारच होता. त्या 28 दिवस तुरुंगात होत्या. त्या काळात त्यांच्या घराच्या झडतीत साड्या दहा हजारांच्या वर, पादत्राणे साडेसातशे जोड अशी यादी सगळीकडे वाचली गेली. बाई यादी विसरल्या नाहीत आणि वारही विसरल्या नाहीत. मराठीत याला परतफेड म्हणतात. तिकडे त्याला कायदा आपले काम करतो आहे असे म्हणतात, आणि दोन्ही वेळा तोच पोलीस, तोच कायदा, फक्त गाडीची दिशा वेगळी.

मुंबईने अशी संधी करुणानिधींच्या अटकेच्या अकरा महिने आधी वाया घालवली. 25 जुलै 2000 रोजी बाळासाहेब ठाकरे यांना अटक झाली. गृहमंत्री छगन भुजबळ, म्हणजे एके काळचे त्यांचेच शिष्य. नाट्य तयार होते. पण जागा निवडली शिवाजी पार्कचा महापौर बंगला, वेळ दिवसाढवळ्याची, आणि भोईवाड्याच्या न्यायालयाने खटल्याची मुदतच उलटून गेल्याचे सांगून त्याच दिवशी मोकळे केले. कुणी ओढले नाही, कुणी ओरडले नाही. आज त्या बंगल्यात त्यांचे स्मारक आहे. अटकेच्या जागी स्मारक व्हावे इतकी सभ्य अटक! अशाने वाहिन्या चालत नाहीत.

नेत्याच्या अटकेत अलीकडे छातीत दुखण्याचे कलम आले आहे. ते चेन्नईचे नाही, अखिल भारतीय आहे. वॉरंट पुढे केले की रक्तदाब वर जातो आणि कार रुग्णालयाकडे वळते, हे आपण महाराष्ट्रातही पुरेसे पाहिले. 14 जून 2023च्या पहाटे अंमलबजावणी संचालनालयाने तमिळनाडूचे मंत्री सेंथिल बालाजी यांना धरले आणि गाडीत ते कळवळून रडताना दिसले, तेव्हा देशभर लोक हसले. त्यांना नेले ओमंदुरार सरकारी रुग्णालयात. ही इमारत करुणानिधींनी विधानसभा आणि सचिवालय म्हणून बांधली आणि 2010 साली तिचे उद्घाटन झाले. पुढच्या वर्षी आलेल्या जयललितांनी तिथे बसायला नकार दिला आणि तिचे रुग्णालय करायचे ठरवले. म्हणजे मंत्रिमहोदय एका अर्थी कामावरच निघाले होते. पण मग डॉक्टरांनी सांगितले की हृदयाच्या तीन रक्तवाहिन्यांत अडथळे आहेत, आणि आठवडाभरात त्यांच्यावर खरोखरीची बायपास झाली. हसणाऱ्यांची मोठी पंचाईत झाली. इतक्या पुढाऱ्यांनी छातीवर खोटा हात ठेवला की ज्याची खरी दुखते त्यालाही टाळ्या पडतात. सदरलेखकांना धंदा करणे अवघड करून ठेवलेले हे प्रकरण इथेच सोडतो.

अटक करून घ्यायला दोन्ही बाजू तयार असल्या तरी गाडी अडू शकते, हे 2009 साली मद्रास उच्च न्यायालयाने दाखवले. फेब्रुवारीच्या 17 तारखेला सुब्रमण्यम स्वामींवर काही वकिलांनी भर न्यायकक्षात, दोन न्यायमूर्तींच्या देखत अंडी फेकली. 19 तारखेला पोलीस आवारात आले. वकील अटकेला तयार होते, पण त्यांची अट होती: आधी स्वामींविरुद्धची आमची तक्रार घ्या, त्यांना धरा, मग आम्हाला. लग्नात आधी कुणाचे पाय धुवायचे यावरून व्याही अडून बसावेत तसे झाले. त्यानंतर दगड, त्यानंतर लाठ्या. आवारातले पोलीस ठाणे जळले, वकिलांची डोकी फुटली, मोटारी फुटल्या, आणि भांडण मिटवायला बाहेर आलेल्या एका विद्यमान न्यायमूर्तींनाही मार बसला. चौकशीला सर्वोच्च न्यायालयाने पाठवले बी. एन. श्रीकृष्ण यांना. मुंबईच्या दंगलीची चौकशी ज्यांनी पाच वर्षे केली त्यांना हे दोन आठवड्यांचे काम म्हणजे विश्रांतीच. त्यांनी वकिलांना झोडले आणि पोलिसांनाही सोडले नाही, त्यामुळे अहवाल कुणालाच आवडला नाही. श्रीकृष्ण यांना त्याची सवय होती.

आता साध्या नागरिकाकडे वळू, कारण हे सगळे तो बघून शिकतो. पुढाऱ्याच्या अटकेतून त्याने एवढेच उचलले की पोलिसाला आधी नाव सांगायचे असते, आणि ते स्वतःचे नसते. ऑक्टोबर 2024मध्ये मध्यरात्री मरीनाच्या लूप रोडवर गस्तीच्या पोलिसांनी एका जोडप्याला गाडी काढा म्हणून सांगितले. गाडीवाल्याने शिव्या दिल्या, फोटो काढायला सांगितले, आणि उदयनिधींना बोलावू का, असे विचारले. उदयनिधी तेव्हा उपमुख्यमंत्री होऊन महिनाही झाला नव्हता. पदाचा एवढा जलद उपयोग खुद्द त्यांनीही केला नसेल. पोलिसांनी आवाज चढवला नाही, मोबाइल चढवला. व्हिडिओ सकाळपर्यंत सगळ्या राज्यात पोहोचला, दुसऱ्या दिवशी दोघांना अटक झाली आणि मग दुसरा व्हिडिओ आला: हात जोडून माफी.

हा माफीचा व्हिडिओ कोणत्या कलमाखाली येतो? पुण्यात कोयता फिरवणाऱ्या पोरांची धिंड आणि कान धरून ‘चूक झाली साहेब’ आपण मिटक्या मारत पाहतो, तेव्हा हा प्रश्न पडत नाही. निकाल न्यायालयाने द्यायचा असतो हे सगळ्यांना शाळेत शिकवले आहे. पण न्यायालयाला वर्षे लागतात आणि व्हिडिओ चाळीस सेकंदांचा असतो.

चेन्नईत या आनंदाचे पुढचे पाऊल म्हणजे मावु कट्टु, म्हणजे प्लास्टर. गुंड पकडला गेला की दोन दिवसांनी त्याचा फोटो येतो. हात गळ्यात, कधी पायही गुंडाळलेला. कारण ठरलेले: पळताना पडला, नाहीतर न्हाणीघरात घसरला. फोटो फिरतो, खाली लोक हसण्याची चिन्हे टाकतात. मे 2025मध्ये अशाच एका हात-पाय मोडलेल्या माणसाच्या वडिलांचा अर्ज मद्रास उच्च न्यायालयात आला.  न्यायालयाने विचारले की पोलीस ठाण्यातली न्हाणीघरे अशी कशी बांधली आहेत, की तिथे फक्त आरोपीच घसरतात? पोलीस का नाही कधी घसरत? प्रश्न स्थापत्यशास्त्राचा होता. आजवर कोणत्याही सार्वजनिक बांधकाम विभागाने त्याचे उत्तर दिलेले नाही.

ठाण्याच्या भिंतीवर फलक मात्र असतो. सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 1996 रोजी डी. के. बासू खटल्यात अटकेची 11 कलमे घालून दिली: धरणाऱ्याच्या छातीवर नाव स्पष्ट हवे, अटकेचा कागद साक्षीदारासमोर व्हावा, नातलगाला कळवावे, दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. ही कलमे ठाण्यात ठळक लावा, असेही त्यातच आहे. दाराजवळ आणखी एक पाटी असते: पोलीस तुमचा मित्र. ही मैत्री तमिळनाडूने फार मनावर घेतली. 1993 साली रामनाथपुरम जिल्ह्यात ‘फ्रेंड्स ऑफ पोलीस’ नावाचा उपक्रम सुरू झाला आणि राज्यभर पसरला. नागरिकांनी स्वयंसेवक व्हायचे, गस्तीला जायचे, गर्दी आवरायची. 2020च्या जुलैत सरकारने तो बंद केला.

बंद का केला, ते सांगताना या सदराचा सूर टिकवता येत नाही. 19 जून 2020 रोजी तुत्तुकुडी जिल्ह्यातल्या सात्तानकुळममध्ये मोबाइलचे दुकान टाळेबंदीच्या वेळेनंतर उघडे ठेवल्याचे सांगून बाप आणि मुलगा ठाण्यात नेले गेले. रात्रभर त्यांना मारले. चार दिवसांत दोघेही गेले. त्या रात्री ‘मित्रां’पैकी काहीजण ठाण्यात होते असा आरोप झाला. चौकशीला गेलेल्या न्यायदंडाधिकाऱ्याशी ठाण्यातले पोलीस इतके उर्मट वागले, की त्याने तसे उच्च न्यायालयाला लिहून कळवले. तुम्ही आमचे काही करू शकत नाही, असे त्याला ऐकवले गेले होते. तेव्हा मदुराई खंडपीठाने ते ठाणे महसूल खात्याच्या ताब्यात द्यायला सांगितले. तलाठी-तहसीलदारांच्या पहाऱ्यात पोलीस ठाणे. एका महिला हेड कॉन्स्टेबलने आपल्याच सहकाऱ्यांविरुद्ध जबाब दिला, आणि मग तिच्या घराला पोलीस संरक्षण द्यावे लागले.

सात्तानकुळमच्या वेळी ज्यांनी मेणबत्त्या लावल्या, त्यांच्याच मोबाइलवर प्लास्टरचे फोटो येतात. हे फक्त चेन्नईचे म्हणून हात झटकता येणार नाहीत. 23 सप्टेंबर 2024 रोजी बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. मुंबईत ‘बदला पुरा’चे फलक लागले, कुणी पेढे वाटले. गाडीतल्या पोलिसांना एकटा माणूस आवरता कसा आला नाही, असे उच्च न्यायालयाने विचारले तेव्हा त्यालाच नावे ठेवणारे बरेच निघाले. गुन्हा अमानुष होता, हे खरे. न्हाणीघर घसरडे आहे हेही खरे, आणि त्यावर पाणी आपणच टाकत असतो.

ऑगस्ट 2025मध्ये चेन्नईत सफाई कामगार, त्यांत बायाच जास्त, महापालिकेच्या रिपन बिल्डिंगसमोर फुटपाथवर बसले. दोन विभागांचे साफसफाईचे काम खासगी कंपनीला दिले होते, त्यात त्यांची जुनी नोकरी आणि पगार जाणार होता. महिन्याच्या 1 तारखेपासून ते बसले होते. फुटपाथ मोकळा करा, असा न्यायालयाचा हुकूम आला आणि 13 तारखेच्या मध्यरात्री पोलीस आले. इथे दोन्ही दंडांना धरून उठवणारा निरीक्षक नव्हता, कॅमेऱ्यासाठी थांबणेही नव्हते. ज्यांनी हात पुढे केला नाही त्यांना हातापायांना धरून उचलले. बसमध्ये भरून त्यांनाही सभागृहांमध्येच नेले. सोबत असलेल्या काही तरुण वकिलांनी आणि कायदा शिकणाऱ्या मुलींनी ठाण्यात मारहाण झाल्याचे सांगितले; उच्च न्यायालयाने त्यांना सोडायला लावले.

दुसऱ्याच दिवशी, 14 ऑगस्टला, मुख्यमंत्री स्टालिन यांच्या मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि सफाई कामगारांसाठी योजनांची घोषणा झाली. त्यात मोफत नाश्ता होता. नोकरी कायम करण्याचे त्यात नव्हते. नाश्ता शिजवायचे कंत्राट कुणाला द्यायचे, तेवढे ठरायचे होते.